उजेडाचे आकडे आणि काळोखाची गरज : घरगुती एचडी प्रोजेक्टरच्या तुलनेची पार्श्वभूमी

घरात चित्रपट पाहण्यासाठी प्रोजेक्टर घ्यायचे ठरवले की हाती येणाऱ्या प्रत्येक माहितीपत्रकात ल्युमेन (प्रकाशाचे प्रमाण), कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या आणि काळ्याचे गुणोत्तर) आणि रेझोल्यूशन (चित्रबिंदूंची संख्या) हे तीन आकडे ठळक अक्षरांत छापलेले आढळतात, आणि बहुतेक खरेदीदार त्यांच्याच आधारे निवड करतात. मात्र ही मापे एका काळात किंवा एका हेतूने तयार झालेली नाहीत. त्यांतली काही दिवे चालू असलेल्या कार्यालयीन सभांच्या खोल्यांसाठी घडली, तर अंधाऱ्या खोलीत चित्रपट पाहणाऱ्याच्या गरजा त्यांत फार उशिरा, आणि तेही अर्धवट, उतरल्या. दोन यंत्रांची तुलना करताना होणाऱ्या गोंधळाचे मूळ या इतिहासात आहे.

पडद्यावर दूरचित्रवाणीचे मोठे चित्र पाडण्याचे प्रयत्न जुने आहेत. झुरिकच्या तंत्रविद्यापीठात फ्रिट्झ फिशर यांनी १९३९ मध्ये तेलाच्या पातळ थरावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून चित्र उमटवणाऱ्या आयडोफोर या यंत्राची कल्पना मांडली, आणि पुढे ही अजस्र यंत्रे सभागृहांत आणि नासाच्या नियंत्रण कक्षातही वापरली गेली. घरापर्यंत हे तंत्र आणण्याचे श्रेय हेन्री क्लॉस यांना जाते. त्यांच्या अॅडव्हेंट कंपनीने १९७२ मध्ये तीन चित्रनलिका असलेला व्हिडिओबीम १००० हा संच सात फूट कर्णाच्या स्वतंत्र पडद्यासह बाजारात आणला. लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाची तीन चित्रे तीन नलिकांतून निघून पडद्यावर नेमकी एकमेकांवर बसावीत, ही त्याची मूळ योजना होती, आणि पुढची जवळपास तीस वर्षे उत्तम घरगुती प्रोजेक्टर म्हणजे तीन नलिकांचा प्रोजेक्टर हेच समीकरण राहिले.

या यंत्रांचे दोष मोठे होते. ती अतिशय जड असत, तिन्ही चित्रांची जुळणी वारंवार करावी लागे, एकच स्थिर चित्र फार वेळ ठेवले तर नलिकेवर त्याचा डाग पडे, आणि त्यांचा उजेड इतका मर्यादित असे की खिडकीची फटसुद्धा बुजवावी लागे. तरीही त्यांचा एक गुण पुढच्या सर्व तंत्रांना दीर्घकाळ साधला नाही. चित्राच्या ज्या भागात काळोख हवा तिथे नलिका प्रकाशच निर्माण करत नसे, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसे. रात्रीच्या दृश्यातला खोलपणा, अंधारात अर्धवट दिसणारा चेहरा, सावल्यांमधले तपशील या गोष्टी त्यामुळे जिवंत वाटत. आजही प्रोजेक्टरच्या गुणवत्तेचा विचार करताना मी हाच गुण पहिल्या क्रमांकावर ठेवतो, कारण चित्रपटाचा फार मोठा भाग उजेडात नव्हे तर छायेत घडतो.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस दिशा बदलली. एका दिव्याचा प्रकाश द्रवस्फटिकांच्या छोट्या पॅनेलमधून आरपार सोडून चित्र पाडण्याचे तंत्र अमेरिकेत जीन डॉल्गॉफ यांनी विकसित केले होते, आणि १९८९ मध्ये एप्सन व शार्प या जपानी कंपन्यांनी असे एलसीडी प्रोजेक्टर विक्रीला आणले. दरम्यान, १९८७ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे लॅरी हॉर्नबेक यांनी सूक्ष्म आरशांची चिप तयार केली होती. तिच्यावरचा प्रत्येक आरसा एका चित्रबिंदूसाठी असतो आणि तो सेकंदाला हजारो वेळा कलून प्रकाश पडद्याकडे पाठवतो किंवा अडवतो. या चिपवर आधारलेले डीएलपी प्रोजेक्टर १९९६ मध्ये बाजारात आले. दोन्ही तंत्रांत दिवा सतत पेटलेला असतो आणि काळा रंग दाखवणे म्हणजे त्या दिव्याचा प्रकाश रोखणे असते. प्रकाश पूर्णपणे कधीच रोखला जात नाही, म्हणून सुरुवातीच्या या यंत्रांत काळ्याच्या जागी राखाडी दिसे.

कार्यालयांना या राखाडीची अडचण नव्हती. त्यांना दिवे न मालवता तक्ता वाचता यायला हवा होता आणि यंत्र हलके हवे होते. तीव्र उजेडाचा ठोस आकडा हवा म्हणून अमेरिकन नॅशनल स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूटने (एएनएसआय) १९९२ मध्ये मोजमापाची पद्धत निश्चित केली : पूर्ण पांढऱ्या पडद्याचे नऊ समान भाग करायचे, प्रत्येक भागावरचा प्रकाश मोजायचा, सरासरी काढायची आणि तिला पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणायचे. ही पद्धत निर्दोष आणि उपयोगी आहे, पण ती फक्त पांढरा रंग मोजते. एका चिपच्या डीएलपी यंत्रात रंग फिरत्या चक्रातून एकामागून एक येतात. त्या चक्रात लाल, हिरव्या, निळ्या भागांसोबत एक पारदर्शक भाग घातला की पांढऱ्याचा आकडा भराभर वाढतो, पण रंगीत चित्र तितके उजळत नाही. कार्यालयांसाठी बनवलेल्या यंत्रांत हा पारदर्शक भाग सर्रास असे, तर चित्रपटासाठी बनवलेल्या चांगल्या यंत्रांत तो टाळून तीन रंग दोनदा घेतले जात. चक्राचा वेग कमी असेल तर काही प्रेक्षकांना नजर हलवताना कडांवर रंगांच्या रेषा चमकलेल्या दिसतात. वेग वाढवून हा दोष पुष्कळ कमी झाला, मात्र ज्यांच्या डोळ्यांना तो जाणवतो त्यांनी असे यंत्र स्वतः पाहिल्याशिवाय घेऊ नये.

घरी किती उजेड लागतो, हे गणिताने सहज कळते. डिजिटल चित्रपटगृहाच्या पडद्यासाठी दर चौरस मीटरला ४८ कॅन्डेला ही तेजस्विता प्रमाण मानली जाते. १६:९ प्रमाणाचा १०० इंच कर्णाचा पडदा सुमारे २.२१ मीटर रुंद आणि १.२५ मीटर उंच असतो, आणि साध्या पांढऱ्या पडद्यावर तेवढी तेजस्विता मिळण्यास जेमतेम ४१५ ल्युमेन पुरतात. दिव्याचे आयुष्य सामान्यतः त्याचा प्रकाश निम्म्यावर येईपर्यंतचे धरले जाते, म्हणून नव्या यंत्राने अचूक रंगांच्या मोडमध्ये ८०० ते ९०० ल्युमेन दिले की अंधाऱ्या खोलीची गरज भागते. माहितीपत्रकातले २,५०० किंवा ३,००० ल्युमेन बहुधा हिरवट झाक असलेल्या सर्वांत तेज मोडचे असतात, आणि चित्रपट पाहताना तो मोड कोणी वापरत नाही.

रेझोल्यूशनची शर्यत प्रोजेक्टरपेक्षा प्रक्षेपणाच्या आणि डिस्कच्या गतीने पुढे गेली. डीव्हीडीच्या काळात ८५४ बाय ४८० चित्रबिंदूंची चिप अमेरिकेत पुरेशी होती, पण भारतात आणि युरोपात पाल या तिथल्या दूरचित्रवाणी पद्धतीच्या डीव्हीडीवर ५७६ रेषा असल्यामुळे ते चित्र तिच्यावर आकुंचित करावे लागे. म्हणूनच १०२४ बाय ५७६ बिंदूंची एक वेगळी चिपही काही काळ प्रचारात होती. २००२ च्या सुमारास आलेल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या १२८० बाय ७२० च्या एचडी२ चिपमध्ये आरशांचा कल १० अंशांवरून १२ अंशांवर नेला गेला, त्यामुळे भरकटणारा प्रकाश घटला आणि काळा रंग स्पष्टपणे सुधारला. बिंदूंची संख्या वाढण्यापेक्षा या दोन अंशांचा लाभ अधिक मोठा होता, असे मला वाटते.

पूर्ण १९२० बाय १०८० चे चित्र देणारे घरगुती यंत्र सोनीने २००३ मध्ये क्वालिया ००४ या नावाने आणले, आणि २००५ मधल्या व्हीपीएल-व्हीडब्ल्यू१०० ने ते दहा हजार डॉलरच्या आत आणले. या यंत्रांत द्रवस्फटिकांचा थर आरशासारख्या सिलिकॉनवर बसवलेला असे. बिंदूंमधल्या रेषा जवळजवळ दिसेनाशा झाल्यामुळे चित्र चित्रपटाच्या फितीसारखे सलग वाटू लागले. २००६ मध्ये ब्लू-रे डिस्क आली आणि त्याच वर्षी एप्सनची १०८०पी (म्हणजे १९२० बाय १०८० बिंदूंची) एलसीडी पॅनेले एप्सनच्या स्वतःच्या यंत्रांबरोबर पॅनासॉनिक आणि मित्सुबिशीच्या यंत्रांतही बसली. पॅनेल एकच असूनही या यंत्रांची चित्रे वेगळी दिसत, कारण लेन्स, प्रकाशमार्ग आणि चित्रप्रक्रिया प्रत्येकाची आपली होती. भारतात एचडी प्रक्षेपण खऱ्या अर्थाने २०१० मध्ये, दिल्लीतल्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वेळी रुजले, आणि तेव्हापासून क्रिकेटचे सामने मोठ्या पडद्यावर पाहण्यासाठी प्रोजेक्टर घेणारा एक नवा वर्ग तयार झाला. दिवे लावून सामना पाहणाऱ्या या वर्गाला जास्त ल्युमेन खरोखर लागतात, म्हणून त्याची निवड चित्रपटप्रेमीपेक्षा वेगळी असणेच योग्य.

कॉन्ट्रास्टच्या आकड्याची कथा अधिक खेदजनक आहे. पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा वेगवेगळ्या वेळी मोजून त्यांचे गुणोत्तर काढण्याची पद्धत रूढ होती. २००४ च्या सुमारास दृश्य काळोखे असताना प्रकाशमार्ग आपोआप अरुंद करणारी झडप अनेक यंत्रांत आली आणि हा आकडा एकदम हजारोंनी वाढला. झडप संपूर्ण चित्र एकत्रच मंद करते, त्यामुळे काळ्या आकाशात चंद्र असेल तर चंद्रही मंदावतो. एकाच चौकटीत काळे-पांढरे सोळा चौकोन ठेवून मोजण्याची दुसरी प्रमाणित पद्धत उपलब्ध होती, परंतु तिचे आकडे काहीशे एवढेच येत असल्यामुळे ते माहितीपत्रकावर क्वचितच छापले जात. जेव्हीसीने २००७ च्या डीएलए-आरएस१ मध्ये झडपेविना १५,००० : १ चे गुणोत्तर साधले, तेव्हा तीन नलिकांच्या यंत्रांना डिजिटल पर्याय मिळाल्याचे त्यांच्या जुन्या चाहत्यांनीही मान्य केले. भिंती पांढऱ्या असतील तर पडद्यावरचा प्रकाश खोलीत फिरून परत येतो आणि हा सारा लाभ बुडतो, हेही इथे ध्यानात घ्यावे लागते. मुंबई-पुण्याच्या लहान दिवाणखान्यांत पडद्याजवळच्या भिंती आणि छत गडद करणे हे महागड्या यंत्राइतकेच परिणामकारक ठरते.

४के (म्हणजे सुमारे चार हजार बिंदूंची रुंदी) या नावाखाली आज तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. सोनीच्या व्हीपीएल-व्हीडब्ल्यू१००० मालिकेने २०११-१२ मध्ये ४०९६ बाय २१६० बिंदूंचे खरे पॅनेल दिले. डीएलपी यंत्रांत कमी बिंदूंच्या चिपचे चित्र वेगाने किंचित सरकवून एका चौकटीत दोन किंवा चार वेळा पाडले जाते आणि एकूण ८३ लाख बिंदू गाठले जातात. काही एलसीडी यंत्रे १०८०पीच्या पॅनेलचे चित्र दोन स्थानांवर सरकवून निम्म्यावर थांबतात. फरक दिसेल की नाही हे अंतरावर ठरते : १०० इंची पडद्यावर १०८०पीचा एक बिंदू सुमारे १.१५ मिलिमीटर रुंद असतो, आणि सामान्य दृष्टीला तो साधारण चार मीटरच्या पलीकडून वेगळा ओळखता येत नाही. बहुतेक घरांत प्रेक्षक तीन मीटरवर बसतो, म्हणून जास्त बिंदूंचा उपयोग आहे. पण लेन्स सुमार असेल तर ते बिंदू पडद्यापर्यंत पोचतच नाहीत.

पाऱ्याच्या वाफेचे दिवे जाऊन लेसर आले, तेव्हा दिवा बदलण्याचा खर्च संपला आणि वीज अचानक गेल्यावर तापलेला दिवा तडकण्याची भीतीही सरली. भारतातल्या खरेदीदारासाठी हा बदल मोलाचा आहे. एलईडीवर चालणाऱ्या स्वस्त छोट्या यंत्रांवर मात्र प्रकाशस्रोताचे हजारो ल्युमेन छापलेले दिसतात. पडद्यावर मोजलेले ल्युमेन त्याच्या एका छोट्या अंशाएवढे असतात, म्हणून एएनएसआय किंवा आयएसओ २१११८ (आंतरराष्ट्रीय मानक) यांचा उल्लेख नसलेला आकडा विचारात घेऊ नये.

सध्याची सर्वांत अवघड तुलना एचडीआरची, म्हणजे उजेड-काळोखाचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या चित्रांची आहे. २०१६ पासून मिळणाऱ्या अल्ट्रा एचडी ब्लू-रे डिस्कवरची चित्रे १,००० कॅन्डेला किंवा त्याहून अधिक तेजस्वितेसाठी तयार केलेली असतात, तर घरचा प्रोजेक्टर साधारण ५० ते १०० कॅन्डेला देतो. वरचा सगळा उजेड खाली बसवताना ढगांतला तपशील राखायचा की चेहऱ्यांचा उठाव, हे यंत्रातले सॉफ्टवेअर ठरवते, आणि जेव्हीसीने २०१९ पासून दर चौकटीगणिक हा निर्णय घेणारी प्रणाली दिली आहे. या कौशल्याचा कोणताही आकडा माहितीपत्रकात नसतो, त्यामुळे विक्रेत्याकडे अंधार करून, स्वतःच्या परिचयाचे एकच रात्रीचे दृश्य दोन्ही यंत्रांवर पाठोपाठ लावून पाहणे हाच सध्या तुलनेचा विश्वासार्ह मार्ग उरतो.