मॉरिशसच्या संसदेतील ‘बेस्ट लूजर’ जागा : पात्रता, कागदपत्रे आणि वाटप

मॉरिशसच्या संसदेत ६२ सदस्य थेट निवडून जातात. मुख्य बेटावरच्या २० मतदारसंघांतून प्रत्येकी ३ आणि रॉड्रिग्स बेटावरून २. मुख्य बेटावर प्रत्येक मतदाराने तीन मते द्यायचीच असतात. बरेच जण एकाच आघाडीच्या तिघांना मत देतात, त्यामुळे लाट आली की दुसरी बाजू साफ होते. १९८२, १९९५ आणि २०२४ मध्ये मुख्य बेटावरच्या ६० च्या ६० जागा एकाच आघाडीकडे गेल्या. तरीही सभागृहात थोडे विरोधक बसतात, ते राज्यघटनेच्या पहिल्या परिशिष्टातील ८ जादा जागांमुळे. पराभूतांतून भरल्या जाणाऱ्या या जागांना तिथे सगळे ‘बेस्ट लूजर’ म्हणतात.

कोण पात्र?

या जागांसाठी वेगळा अर्ज नाही, मूळ उमेदवारी अर्जातूनच हक्क मिळतो. उमेदवार राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक आणि किमान १८ वर्षांचा हवा. मॉरिशसमध्ये त्याचे एकूण किमान २ वर्षे वास्तव्य हवे आणि अर्जाच्या लगत आधीचे ६ महिने तिथेच राहिलेला हवा. सभागृहाच्या कामात भाग घेण्याइतके इंग्रजीही यावे लागते. अपक्षाला ‘बेस्ट लूजर’ जागा मिळत नाही. पक्षाला किंवा आघाडीला उमेदवारीच्या दिवसाआधी निवडणूक पर्यवेक्षण आयोगाकडे नोंदणी करावी लागते. नोंदलेली आघाडी एकच पक्ष धरली जाते.

काय जोडायचे?

मतदारसंघातील मतदारांच्या सह्यांचा उमेदवारी अर्ज, अनामत रक्कम आणि आपल्या समाजाची घोषणा. ही घोषणाच सगळ्यांत वादाची. हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि उरलेले सगळे ‘जनरल पॉप्युलेशन’ असे चारच पर्याय. कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज यात हिंदूंतच मोजले जातात. घोषणेला मतदार आव्हान देऊ शकतो, निवाडा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश करतात. समाज न सांगण्याची मुभा २०१४ च्या निवडणुकीपुरती होती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१२ मध्ये या सक्तीवर बोट ठेवल्यानंतर ती दिली गेली. २०१९ मध्ये ती राहिली नाही.

वाटप कसे होते?

प्रत्येक समाजाची लोकसंख्या घ्यायची, तिला त्या समाजाच्या निवडून आलेल्या सदस्यांत एक मिळवून भागायचे. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, त्या समाजातल्या सर्वाधिक मतटक्केवारीच्या पराभूताला जागा. लोकसंख्या १९७२ च्या जनगणनेची, कारण त्यानंतर समाजनिहाय मोजणी झालेली नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर आजचे सभागृह ठरावे, हे मला अजिबात पटत नाही.

पहिल्या ४ जागा पक्ष न पाहता दिल्या जातात. पुढच्या ४ जागांचे काम पक्षांचे मूळ बलाबल राखणे, म्हणून त्या विजयी पक्षाकडे झुकतात. पण त्याचे सगळेच उमेदवार निवडून आले असतील तर देणार कोणाला? मग त्या रिकाम्या राहतात आणि सभागृह ६६ चे होते.

१९९५ मध्ये मावळत्या पंतप्रधानांच्या आघाडीला जवळजवळ पाचवा हिस्सा मते मिळाली, जागा एकही नाही. जादा जागाही इतर छोट्या पक्षांना गेल्या. २०२४ मध्ये मावळत्या सरकारच्या आघाडीला पाव हिस्स्याहून अधिक मते होती. तिचे जो लेझोंगार आणि आद्रियाँ द्युवाल ‘बेस्ट लूजर’ म्हणून आत आले आणि लेझोंगार विरोधी पक्षनेते झाले. अनेक घटनात्मक नेमणुकांआधी ज्याचा सल्ला घ्यावा लागतो, ते पद असे समाजाच्या भागाकारावर अवलंबून राहते. ही तरतूद समाजांसाठी आहे, विरोधकांसाठी नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

सुधारणा कुठे अडली?

न्यायमूर्ती आल्बी सॅक्स यांच्या आयोगाने २००२ मध्ये ३० जादा जागा पक्षांच्या मतांच्या प्रमाणात, किमान १० टक्के मते मिळवणाऱ्यांना देण्याचे सुचवले होते. माझ्या मते सर्वांत न्याय्य वाट तीच. त्या हिशेबाने १९९५ ची ती आघाडी सभागृहात असती. डिसेंबर २०१८ मध्ये दुसरे, वेगळे घटनादुरुस्ती विधेयक आले, पण लागणारे तीन चतुर्थांश संख्याबळ नसल्याने मतदानापर्यंत पोहोचले नाही. २०२४ च्या निकालाने ६६ पैकी ६० सदस्य सरकारपक्षाचे झाले, म्हणजे तेवढे संख्याबळ त्याला मिळाले.