मोडलं खुब्याचं हाड, हलवायचा पंजा?

आमची आत्या इंदूरच्या जेल रोडला राहते, वय ७४. मागच्या महिन्यात बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीवाला मुलगा आला आणि म्हणाला, "आंटीजी, पंजा ऊपर, पंजा नीचे, हर घंटे में बीस बार." एवढं सांगून, एक छापील कागद उशाशी ठेवून पुढच्या बेडकडे गेलासुद्धा. आत्या माझ्याकडे बघून म्हणते, "अरे, मोडलंय इथे वर, आणि हा पंजा कशाला हलवायला लावतोय?" भेटायला येणाऱ्यांचं वेगळंच, "काकू अजिबात हलू नका हं, नुसतं पडून राहा."

उत्तर आहे पोटरीचा पंप: पायाचा पंजा खालीवर केला की पोटरी आवळते आणि रक्त वर ढकलते. ही शरीरातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट, आणि तिच्याबद्दल मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. त्यामुळे आत्याची सुटका नव्हती, तुमचीही नाही.

हृदय रक्त ढकलतं हे शाळेत झालंय. पण ते परत कसं येतं? धमनीत दाब १२० च्या आसपास असतो (पाऱ्याचे मिलिमीटर, बीपीच्या मशीनवर दिसतो तोच), पण केसासारख्या बारीक वाहिन्यांतून पार होऊन शिरेत येईपर्यंत त्यातला १०-१५ च उरतो, आणि माणूस उभा असेल तर समोर घोट्यापासून छातीपर्यंतचा सरळ चढ. इंदूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, आपलं पाणीच असं येतं. नर्मदा खाली जलूदला, आपण वर माळव्याच्या पठारावर, मध्ये विंध्याचा घाट. टप्प्याटप्प्याने पंप करत पाणी वांचू पॉइंटपर्यंत चढवायचं आणि तिथून पुढे उताराने शहरात. पंप बंद पडले की घरोघरी बोंब. पायातल्या रक्ताचा असाच पंपिंग स्टेशनवाला टप्पा म्हणजे पोटरी.

पोटरीत दोन मोठे स्नायू असतात, वरचा फुगीर दिसतो तो गॅस्ट्रोक्नेमियस आणि त्याच्याखाली दडलेला चपटा सोलियस. सोलियसच्या आत शिरांच्या रुंद पिशव्या असतात, रक्त तिथे साठतं. आता स्नायू आवळला की जाड होतो, त्याला बाहेर फुगायचं असतं, पण सगळ्या पोटरीभोवती घट्ट पडद्याचं आवरण आहे, ते त्याला फुगू देत नाही. मग तो दाब जाणार कुठे? आतल्या शिरांवर. ओला टॉवेल पिळल्यासारखं, एका दणक्यात पोटरीतल्या शिरांमधलं निम्म्याहून जास्त रक्त बाहेर.

पण ते वरच का जातं, खाली का नाही? कारण जागोजागी व्हॉल्व्ह आहेत. बोअरिंगच्या मोटरला प्लंबर जो एनआरव्ही लावतो ना, पाणी परत उतरू नये म्हणून, अगदी तोच प्रकार, फक्त पितळेच्या ऐवजी दोन नाजूक पापुद्रे. विल्यम हार्वे नावाच्या इंग्लिश डॉक्टरने १६२८ मध्ये हे हातावर दाखवून दिलं, आणि घरी करता येतं. हात खाली लोंबकळत ठेवा, पुढच्या हातावर एखादी शीर ठसठशीत दिसली की तिच्या मनगटाकडच्या टोकाला एक बोट दाबून धरा, दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे शीर निपटा आणि ते बोट उचला. मध्ये व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या खालचा तुकडा रिकामाच राहतो, वरचं रक्त खाली येत नाही. पहिलं बोट सोडलं की टर्रकन भरतो. आत्याच्या हातावर पहिल्या झटक्यात जमलं, माझ्यावर जमलंच नाही.

नुसतं उभं राहिलं तर घोट्याच्या शिरेत ८०-९० दाब असतो, थोडी पावलं चाललं की तो ३० च्या खाली येतो. एवढी कमाल ह्या पंपाची. हल्ली रील्सवाले त्याला 'दुसरं हृदय' म्हणतात आणि मग पाय हलवायचं मशीन विकायला काढतात. अहो, पाय स्वतः हलवता येत असेल तर मशीन कशाला?

तर आत्याने रास्त प्रश्न टाकला, "मी तर आडवी आहे, मग चढ कुठे आलाय?" बरोबर आहे. आडवं असताना मोठ्या शिरांतलं रक्त हळूहळू का होईना सरकतं. पण सोलियसच्या त्या पिशव्या म्हणजे गल्लीच्या शेवटच्या घराची लाइन, स्नायूने पिळल्याशिवाय नीट रिकाम्या होत नाहीत. आणि व्हॉल्व्हच्या पापुद्र्यामागच्या खोबणीत रक्त नुसतं भोवऱ्यासारखं घुटमळतं, तिथला ऑक्सिजन संपत जातो, शिरेचं आतलं अस्तर, जे एरवी रक्ताला गोठू देत नाही, तेच बिथरतं आणि गोठण्याची साखळी सुरू होते, आधी थ्रॉम्बिन हे गोठवणारं द्रव्य, मग फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं, त्यात अडकलेल्या लाल पेशी. रुडॉल्फ विरशो ह्या जर्मन शास्त्रज्ञाच्या १८५६ च्या कामावरून आजही तीन कारणं शिकवतात: रक्त थांबणं, वाहिनीला इजा, रक्ताचा गोठण्याकडे कल. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये तिन्ही एकदम जमतात. गुठळी पायातच राहिली तर सूज-दुखणं, पण सुटून फुप्फुसात जाऊन अडकली तर जीवावर बेतते.

आणि हे फक्त पेशंटचं नाही. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक आसऱ्याच्या जागी रात्र-रात्र डेकचेअरवर बसून काढायचे, आणि कीथ सिम्प्सन ह्या डॉक्टरने नोंदवलं की त्यातले काही फुप्फुसात गुठळी जाऊन दगावत होते. खुर्चीची कड मांडीखाली दाबायची, शीर बंद.

म्हणून पंजा. बोटं स्वतःकडे ओढायची, दोन-तीन सेकंद थांबायचं, मग पुढे ढकलायची, गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यासारखी, पूर्ण ताकदीने. उगाच बोटं वळवळवून पंप चालत नाही. जागं असताना दर तासाला १०-२० वेळा. सोलियस गुडघ्याच्या वर जातच नाही, त्यामुळे गुडघा वाकलेला असला तरी चालतं. मग घोटा गोल फिरवणं, गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबून मांडी आवळणं, आणि खोल श्वास. टाच सरकवत गुडघा वाकवणं मात्र डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. गुडघ्याखाली उशी ठेवू नका, बरं वाटतं पण शीर तिथेच दाबली जाते. ह्या व्यायामाने रक्ताचा वेग वाढतो हे मोजलेलं आहे, पण नुसत्या पंज्यावर भरवसा ठेवून रक्त न गोठण्याचं इंजेक्शन बंद करायचं नाही, लसूण-जवसाचे फॉरवर्ड वाचून तर मुळीच नाही.

एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, की आपल्याकडे पहिला उपाय तेल-मालिश, नाहीतर घोट्याला काळा धागा. धाग्याने निदान नुकसान तरी होत नाही. मालिश करूच नका, गुठळी सुटू शकते. त्याच दिवशी डॉक्टर, सोनोग्राफीत समजतं. अचानक धाप लागली, छातीत दुखलं तर वाट न बघता इमर्जन्सी. बाळंतिणीलाही हे लागू आहे, पहिल्या सहा आठवड्यांत गुठळीचा धोका सगळ्यात जास्त असतो आणि आपण नेमकं तेव्हाच सव्वा महिना तिला खाटेवरून उठू देत नाही.

आत्याने मग सिरियलच्या ब्रेकला धरून हिशोब बसवला, जाहिरात लागली की पंजा चालू. तिसऱ्या दिवशी वॉकर घेऊन दारापर्यंत गेली आणि त्या मुलाला विचारलं, आता बंद करू का रे हे? तो म्हणाला, "चलेंगी तो अपने आप होगा आंटीजी, बैठेंगी तो करना पड़ेगा."