एफ-1 व्हिसा आणि युनियनचं कार्ड : अडचण व्हिसाची कधीच नव्हती

अमेरिकेत एफ-1 व्हिसावर, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसावर, पीएचडी करणाऱ्याला युनियनमध्ये जाता येतं का? येतं, आणि हा हक्क आजचा नाही. 1935च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याच्या सातव्या कलमाने संघटित होण्याचा हक्क 'कर्मचाऱ्याला' दिला, त्यात नागरिकत्वाची अट घातली नाही. 1984मध्ये शुअर-टॅन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तर कागदपत्रं नसलेले कामगारही या कायद्याने कर्मचारीच आहेत, असा निर्वाळा दिला. रीतसर व्हिसावर आलेल्यांचा प्रश्नच उरला नाही. भांडण झालं ते दुसऱ्या मुद्द्यावर: वर्ग घेणारा, पेपर तपासणारा, प्रयोगशाळेत राबणारा विद्यार्थी मुळात 'कर्मचारी' आहे का?

सरकारी विद्यापीठांना त्या-त्या राज्याचा कायदा लागू होतो. विस्कॉन्सिन-मॅडिसनच्या टीचिंग असिस्टंट मंडळींनी संप करून 1970मध्येच करार पदरात पाडून घेतला. उलट नॉर्थ कॅरोलायनात सरकारी कर्मचाऱ्यांशी सामूहिक करार करायलाच कायद्याने बंदी आहे. तेव्हा सल्ला घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा: विद्यापीठ खाजगी की सरकारी, आणि कुठल्या राज्यातलं?

खाजगी विद्यापीठांचं भवितव्य राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या हाती. त्याचे सदस्य राष्ट्राध्यक्ष नेमतात, त्यामुळे सत्ता बदलली की निकालही फिरतो. 1974मध्ये स्टॅनफर्डचे रिसर्च असिस्टंट 'विद्यार्थी' ठरले. 2000मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या प्रकरणात मंडळाने असिस्टंटना कर्मचारी मानलं. 2004मध्ये ब्राउनच्या निकालाने ते पुसून टाकलं, आणि करार संपताच न्यूयॉर्क विद्यापीठाने 2005मध्ये युनियनची मान्यता काढून घेतली. 2016च्या कोलंबिया निकालाने हक्क परत आला. पण 2018मध्ये येल, शिकागो अशा काही ठिकाणच्या युनियननी निवडणुकीसाठीचे आपले अर्ज स्वतःच मागे घेतले. नव्या मंडळापुढे प्रकरण गेलं तर कोलंबियाचा निकालच जाईल, ही भीती होती. आमच्या मते ते शहाणपणाचं होतं. 2019मध्ये मंडळाने विद्यार्थ्यांना कायद्याबाहेर ठेवणारा नियम प्रस्तावित केलाच. तो 2021मध्ये मागे घेतला गेला.

युनियन हवी की नको, यासाठी मंडळाकडे निवडणूक मागायला किमान 30 टक्के लोकांची सही केलेली कार्डं लागतात. ती मंडळाकडे जातात. मंडळ ती विद्यापीठाला दाखवत नाही.

परदेशी विद्यार्थ्याचा पाय अडकतो तो तासांत. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांपर्यंतच काम करता येतं. पन्नास टक्क्यांची असिस्टंटशिप, म्हणजे असिस्टंटची अर्धवेळ पगारी नेमणूक, म्हणजेच हे 20 तास. त्यावर तीन तासांचं पेपर तपासण्याचं काम घेतलं की मर्यादा मोडली, आणि त्याचा फटका थेट व्हिसाच्या दर्जाला. म्हणून युनियनच्या करारातलं तासांचं कलम परदेशी विद्यार्थ्यासाठी पगारवाढीइतकंच मोलाचं असतं.

संपाच्या वेळी आणखी एक साखळी लक्षात ठेवावी. एफ-1चा दर्जा पूर्णवेळ नोंदणीवर टिकतो, पगारावर नाही, त्यामुळे काम थांबवल्याने तो आपोआप जात नाही. पण ट्यूशनची माफी असिस्टंटशिपला बांधलेली असते. ती गेली, फी भरता आली नाही, नोंदणी तुटली, तर मात्र दर्जा जातो. रिसर्च असिस्टंटची पंचाईत जास्त, कारण त्याचा प्रबंध आणि त्याची नोकरी बऱ्याचदा एकाच टेबलावर चालते. थांबवायचं ते पगाराचं काम. संशोधनाच्या क्रेडिटसाठीचं काम आणि मार्गदर्शकाच्या भेटी चालू ठेवाव्यात. धरण्यात अटक ओढवून घेणं नागरिक मित्राला परवडेल. परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा त्यावरून रद्द होऊ शकतो. सरकारी विद्यापीठात संपाला राज्याची बंदी आहे का, तेही आधी पाहावं. न्यूयॉर्कमध्ये 1967च्या टेलर कायद्याने ती आहे.

इमिग्रेशनच्या नियमांत संपाबद्दल एक कलम आहे, आणि त्याची धास्ती घेतली जाते. संप चालू असल्याचं मजूर मंत्रालयाने प्रमाणित केलं, तर त्या ठिकाणी त्या कामाची एफ-1 विद्यार्थ्यांची परवानगी आपोआप स्थगित होते. नीट वाचलं तर हे कलम काम करण्याला लागतं. युनियनचं सभासदत्व त्यात कुठेच येत नाही.

नेमणूकपत्रही बारकाईने वाचावं. 2023मध्ये मंडळाच्या विभागीय संचालकांनी एमआयटीतल्या फेलोशिपधारकांना कर्मचारी मानायला नकार दिला, कारण त्यांचे पैसे ठरावीक कामाच्या मोबदल्यात मिळत नव्हते. त्याच प्रयोगशाळेतला असिस्टंट युनियनच्या कक्षेत, शेजारचा फेलो बाहेर.

खाजगी विद्यापीठात सभासदत्वावरून कुणी धमकावलं, 'व्हिसा जाईल' असं सुचवलं, तर मंडळाकडे तक्रार करता येते. तक्रारीला शुल्क नाही, मात्र मुदत घटनेपासून सहा महिन्यांची आहे. ईमेल, तारखा आणि कोण काय बोललं याची नोंद त्याच दिवशी, विद्यापीठाच्या खात्याबाहेर ठेवावी. नोकरी गेली की ते खातंही बंद होऊ शकतं.