निर्दोष माणूस गुन्हा कबूल करतो का? करतो

‘गुन्हा केलाच नसेल तर कबूल कोण कशाला करेल?’ हा प्रश्न बिनतोड वाटतो. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराने तो खोटा ठरवला आहे.

तिथल्या हॅरिस काउंटीत सरकारी वकिलांचाच एक कक्ष जुन्या शिक्षा पुन्हा तपासतो. 2014 ते 2016 या काळात तिथे अमली पदार्थांच्या शंभराहून अधिक शिक्षा चुकीच्या निघाल्या, आणि त्या कबुलीवर झालेल्या होत्या! पोलीस रस्त्यावरच छोट्या पिशवीत पूड टाकून आतली रसायनाची कुपी फोडत. निळा रंग आला, की म्हणायचं कोकेन. पण तसाच निळा रंग इतर कितीतरी पदार्थांनी येतो. जामिनाला पैसे नाहीत, खटला उभा राहीपर्यंत कोठडी. कबूल केलं तर लवकर सुटका. हातावर पोट असलेल्या माणसाने काय करावं? प्रयोगशाळेचा अहवाल मागाहून यायचा: अमली पदार्थ नव्हताच.

मग जुन्या शिक्षा तपासणारे हे सरकारी वकील परस्पर कैदी सोडतात, असं कुणाला वाटेल; तसं नाही. शिक्षा रद्द करतं ते न्यायालयच. 2015 मध्ये तिथे नियम झाला: प्रयोगशाळेचा अहवाल हाती आल्याशिवाय अशी कबुली घ्यायची नाही.