शेडच्या कैचीची तिरपी लांबी स्प्रेडशीटमध्ये काढताना

लातूर-धाराशिवकडं गावोगावी माळवदाची जागा पत्र्यानं घेतली, शेळ्यांच्या गोठ्यालाही आता पत्र्याचीच शेड असते. कैचीचा (छपराचा पत्रा पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याचा) तिरपा पाइप किती लांब कापायचा, हे आडवं अंतर आणि उठाव (खांबाच्या माथ्यापासून आढ्यापर्यंत, म्हणजे छपराच्या शेंड्यापर्यंतची उंची) यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की कळतं. गणित शाळेतलंच आहे. लांबी चुकते ती बहुतेक वेळा फूट-इंच भरताना.

10 फूट 10 इंच हे माप कोणी 10.10 असं टाकतं. शीट त्याचं 10.1 करते, म्हणजे 10 फूट 1.2 इंच. जवळजवळ 9 इंच गेले आणि आकडा दिसायला अगदी सरळ! 10-10 टाकलं तर शीट ती तारीख समजते. म्हणून फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांत भरावेत: आडवं अंतर ए, बी मध्ये, उठाव सी, डी मध्ये. ई2 मध्ये =ए2*12+बी2 आणि एफ2 मध्ये =सी2*12+डी2, म्हणजे सगळं इंचात येतं. (अक्षरं अर्थातच इंग्रजी कीबोर्डवरची.)

जी2 मध्ये =राउंड((ई2^2+एफ2^2)^0.5*8,0)/8. इथं 8 का? एका इंचाचे 8 सूत, आणि वेल्डर टेपवर सूतच मोजतो. राउंड, म्हणजे जवळच्या सुतावर आणणं, इथंच करावं. फूट-इंच वेगळे केल्यावर केलं, तर 119.97 इंचाचं '9 फूट 12 इंच' असं विचित्र उत्तर येतं. आतला कंस विसरला, तर एक्सेल फक्त एफ2 च्या वर्गाचंच मूळ काढतं. फूट वेगळे काढायला =आयएनटी(जी2/12), उरलेल्या इंचांना =एमओडी(जी2,12).

20 फूट रुंद शेड, आढं मधोमध, उठाव अडीच फूट. ई2 120, एफ2 30. उत्तर 123.75, म्हणजे 10 फूट 3 इंच 6 सूत. आडवं अंतर खांबाच्या बाहेरच्या कडेपासून आढ्याच्या मध्यापर्यंत घ्यावं.

आता पत्रा दीड फूट पुढं काढायचा असेल, तर नुसतं ई2 138 करू नका. उतार तोच ठेवायचा, तर उठावही त्याच प्रमाणात 30 चा 34.5 होतो. खरी लांबी 142.25 इंच, म्हणजे 11 फूट 10 इंच 2 सूत. 12 फुटी पत्रा पुरतो. उठाव 30 च ठेवला तर पाइप इंचभर आखूड कापला जाईल, आणि कापलेला पाइप वाढवायला पुन्हा वेल्डिंगचा जोड आला. वळवाच्या वाऱ्यात तो जोड म्हणजे कैचीतली कच्ची जागा.

कैच्या कापण्याआधी आखणीचा गुणिया (कोपऱ्यांचा काटकोन) तपासा. 20 बाय 40 फुटांसाठी त्याच सूत्रानं कर्ण 44 फूट 8 इंच 5 सूत येतो. बाजू बरोबर ठेवून दोरीनं दोन्ही कर्ण मोजा. ते एकमेकांशी जुळत नसतील तर खुंट्या सरकवा, खड्डे नंतर घ्या.