बटई, सालदारी, दिढी : पोट भरण्याच्या जुन्या हिशेबांची पार्श्वभूमी

उपजीविकेवर संस्कृतात काय आहे म्हटलं की लोक सुभाषितं काढतात. खरा ऐवज हिशेबात आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातला एक श्लोक जगण्याची दहा साधनं मोजतो. विद्या, शिल्प, मजुरी, शेतीबरोबर भिक्षा आणि व्याजबट्टाही त्यात आहे. कौटिल्य शेती, पशुपालन आणि व्यापार मिळून ‘वार्ता’ म्हणतो. दर आणि वाटे त्याच्याकडे नेमके सापडतात. त्याचं अर्थशास्त्र म्हैसूरच्या शामशास्त्रींनी १९०९ मध्ये छापलं. विदर्भातल्या गावांत चालणारे तीन व्यवहार त्यातल्या आकड्यांशी ताडून पाहण्यासारखे आहेत.

बटई, म्हणजे पिकाच्या वाट्यावर जमीन कसायला देणं, आधी. कौटिल्य सांगतो, सरकारी जमिनीतली पेरणीतून उरलेली जमीन अर्ध्या वाट्याने द्यावी. ज्याच्याजवळ फक्त अंगमेहनत, त्याला चौथा किंवा पाचवा हिस्सा. आजही निम्म्यावरून वाद होत नाही, खर्चावरून होतो. कापसात वेचणीची मजुरी वाटणीआधी काढायची की बटईदाराने सोसायची, हे पेरणीआधी ठरलं नाही तर दिवाळीनंतर बोलाचाली बंद.

सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याला, रोख आणि वर धान्य, हा सौदा गुढीपाडव्याला ठरतो. अर्थशास्त्रातल्या शेतमजुराला जेवण आणि महिना सव्वा ‘पण’ (त्या काळचं नाणं). मजुरी आधी बोललीच नसेल तर शेतकामाच्या माणसाला पिकाचा दहावा हिस्सा, गुराख्याला तुपाचा. तोंडी सौद्यासाठी एवढा बंदोबस्त बराच म्हणायचा.

सगळ्यात बारकावा दिढीत आहे. मृगात १ क्विंटल ज्वारी उचलली की सुगीला दीड क्विंटल परत. कौटिल्यही धान्यावर सुगीला जास्तीत जास्त निम्मी वाढ सांगतो. पेरणीला भाव ३००० आणि सुगीला २४०० धरला, तर ३००० ची उचल ३६०० ला फिटते. पैशात वाढ २० टक्केच. पण पीक बुडालं आणि तीच दिढी पुढच्या सालावर गेली की दीडाचे सव्वादोन, मग जवळपास ३ क्विंटल ३८ किलो. घर बुडतं ते इथे. म्हणूनच कौटिल्य म्हणतो, सुगीनंतर राहिलेल्या धान्याची किंमत करा आणि व्याज त्या किमतीवर चालवा. धान्यावर धान्य चढत नाही.

रोख पैशाला त्याचा धर्म्य, म्हणजे न्याय्य, दर महिना शेकडा सव्वा, म्हणजे सालाला १५; महिन्याचाच व्यापारी व्यवहाराचा दर ५, जंगलातून माल नेणाऱ्याला १०, समुद्रावर जाणाऱ्याला २०. जोखीम वाढली की दर वाढतो. मनुस्मृती मात्र वर्ण पाहून महिना शेकडा २ ते ५ असा दर लावते आणि सर्वांत जड दर शूद्राला. ते शहाणपण म्हणून मिरवू नये. तिचाच दामदुपटीचा नियम, म्हणजे व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात आजही आहे. सावकाराने कोऱ्या कागदावर सही घेतली किंवा शेताचं खरेदीखतच लिहून घेतलं, की त्या नियमाला धरायला मुद्दलाचा आकडाच राहत नाही.