बीड जिल्ह्यातली देवस्थानं आणि सहलीची ठिकाणं

बीड जिल्ह्यात देवस्थान वेगळं आणि पिकनिक स्पॉट वेगळा असा प्रकार फारसा नाहीच. जिथं धबधबा पडतो तिथं खाली महादेव बसलेला असतो, जिथं दोन नद्या मिळतात तिथं घाट आणि देऊळ असतं, आणि बीड शहरातलं सगळ्यात देखणं जुनं देऊळ तर चक्क पाण्याच्या कुंडात उभं आहे. मराठवाड्यातला हा जिल्हा पर्जन्यछायेत येतो, पाऊस कमी आणि तोही बेभरवशाचा, त्यामुळे पाणी जिथं टिकतं तिथं देव हे इथलं साधं गणित आहे. म्हातारी माणसं दर्शनाला म्हणून निघतात, पोरं धबधब्याला म्हणून निघतात, आणि गाडी एकाच ठिकाणी जाऊन थांबते.

जिल्ह्यात ११ तालुके आहेत. मधून बालाघाटची डोंगररांग जाते, उत्तरेच्या सीमेवरून गोदावरी वाहते. गोदाकाठच्या गेवराई-माजलगाव पट्ट्याला लोक गंगाथडी म्हणतात, कारण इथं गोदावरीला गोदावरी कमी आणि गंगा जास्त म्हटलं जातं. काळी जमीन, ऊस-कापूस, सपाट रस्ते. पाटोदा, आष्टी, धारूर, केज हा भाग डोंगराळ, खडकाळ, कुसळी गवताचा. सहलीची निसर्गरम्य ठिकाणं बहुतेक या दुसऱ्या भागात, आणि नदीकाठची मोठी तीर्थं पहिल्या भागात.

बीड शहर आणि आसपास

कंकालेश्वराचं देऊळ चालुक्यकालीन मानतात. चौकोनी दगडी कुंड, कुंडाच्या मधोमध देऊळ, आणि आत जायला पाण्यातून बांधलेली वाट. लोक घाईघाईत आत जाऊन पिंडीला हात जोडून परत फिरतात, पण खरी गंमत बाहेरच्या भिंतीवर आहे, तिथं देवादिकांच्या मूर्तींबरोबर हातात शस्त्रं घेतलेल्या बायका कोरलेल्या आहेत, लढायच्या पवित्र्यात उभ्या. नाचणाऱ्या, आरसा धरलेल्या, काटा काढणाऱ्या सुंदऱ्या महाराष्ट्रातल्या जुन्या देवळांवर ढिगानं सापडतात, लढणाऱ्या बायका मात्र क्वचितच, त्यामुळे इथं दहा मिनिटं जास्त काढावीत. महाशिवरात्रीला जत्रा भरते, त्या दिवशी मूर्ती बघायचं डोक्यातून काढून टाका, धक्क्याबरोबर आत आणि धक्क्याबरोबर बाहेर.

शहराच्या बाजूच्या टेकडीवर खंडोबाचं देऊळ आहे. त्याच्या समोरच्या दोन उंच अष्टकोनी दीपमाळा लांबूनच दिसतात, त्यांच्यावर माणसं आणि प्राणी कोरलेत. संध्याकाळी टेकडीवर वारा चांगला असतो, शहर सगळं खाली पसरलेलं दिसतं, म्हणून दर्शनापेक्षा फिरायला येणारेच जास्त. खजाना विहीर काही देवस्थान नाही, पण बीडला आलात तर बघाच, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात बांधलेली ही विहीर दुष्काळातही आटत नाही असा तिचा लौकिक आहे, आणि तिच्यातून भुयारी नहरानं पाणी काढून शेती भिजवायची सोय त्या काळी केलेली होती. पावसाळ्यात पाली गावाजवळचं बिंदुसरा धरण भरलं की सांडव्यावरून पाणी पडतं आणि अख्खं बीड तिकडे लोटतं. गाड्यांची रांग, कणसं भाजणारे, भज्यांचे गाडे. धरण न भरलेल्या वर्षी तिकडे कुत्रंही फिरकत नाही.

कपिलधार

बीडपासून मांजरसुंब्याकडं गेलं की डोंगरातल्या घळीत कपिलधार लागतं. संत मन्मथस्वामींची समाधी इथं आहे. मन्मथस्वामी म्हणजे वीरशैव परंपरेतले मराठी संतकवी, ‘परमरहस्य’ हा त्यांचा ग्रंथ लिंगायत घरांमधून आजही वाचला जातो. समाधीजवळच धबधबा पडतो, सौताड्याएवढा मोठा नाही पण जवळ जाऊन भिजता येतो, म्हणून बायकापोरांना घेऊन येणाऱ्यांना हाच बरा वाटतो. कार्तिक पौर्णिमेला मोठी यात्रा असते, मराठवाड्यातून आणि शेजारच्या कर्नाटकातूनही पायी दिंड्या येतात. शांतपणे बघायचं असेल तर श्रावण-भाद्रपदातला आडवार गाठावा. यात्रेत शांतता शोधायला गेलात तर चूक यात्रेची नाही.

सौताडा

जिल्ह्यातलं सगळ्यात नामी निसर्गस्थळ कोणतं म्हणून विचारलं तर बहुतेक जण सौताड्याचं नाव घेतील. पाटोदा तालुक्यात, जामखेडच्या जवळ. विंचरणा नदी पठारावरून निवांत वाहत येते आणि एकदम खोल दरीत कोसळते. वरून चालत येताना काहीच कल्पना येत नाही, सपाट माळ, बाभळी, थोडी शेतं, आणि मग अचानक पायाखालची जमीनच संपते. खाली दरीत रामेश्वराचं देऊळ. वनवासात राम-सीता इथं आले होते, रामानं पिंड स्थापली, असं गावकरी सांगतात. खाली उतरायला पायऱ्या आहेत, उतरताना मजा वाटते, चढताना गुडघे बोलायला लागतात.

श्रावणी सोमवारी इथं प्रचंड गर्दी. ओले कपडे पिळणारी पोरं, कडेला सतरंजी टाकून धपाटे, ठेचा, दही, शेंगदाण्याची चटणी सोडून बसलेली कुटुंबं, आणि वर कड्याच्या अगदी टोकाला जाऊन सेल्फी काढणारे बहाद्दर. त्या टोकाला जाऊ नका. खडक शेवाळलेला असतो आणि खाली काय आहे ते सगळ्यांना दिसतंच. धबधब्याला पाणी पावसावर अवलंबून, जुलैच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत बघण्यासारखं, मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर कोरडा कडा आणि दर्शन एवढंच पदरात पडेल.

याच तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, १९९४ साली जाहीर झालेलं. काटेरी झुडपांचं, उघड्याबोडक्या टेकड्यांचं रान आहे, घनदाट जंगलाची अपेक्षा ठेवून गेलात तर निराश व्हाल. मोर बघायला पहाटे जावं लागतं, दुपारी बाराला मोठमोठ्यानं गाणी लावलेली गाडी घेऊन गेलेल्यांना मोर का दिसत नाही हे कोडं त्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवं. मांजरा नदीचा उगमही पाटोदा तालुक्यातल्या डोंगरातच होतो. पुढं केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर धरण आहे, आणि हेच धरण आटलं म्हणून २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं.

अंबाजोगाई

जयंती नदीच्या काठचं हे गाव, हैदराबादच्या निजामाच्या काळात मोमिनाबाद. देवळं, लेणी, संतांच्या समाध्या एवढ्या आहेत की एका दिवसात सगळं उरकायचं म्हटलं तर काहीच धड होत नाही.

मुख्य देवस्थान योगेश्वरी. कोकणस्थ ब्राह्मणांपैकी अनेकांची ही कुलदेवता, त्यामुळे पुण्या-मुंबईहून, अगदी परदेशातूनही लग्नकार्य झालं की नवी जोडपी इथं पाया पडायला येतात. समुद्रकिनाऱ्यावरच्या लोकांची कुलदेवी एवढ्या आत मराठवाड्यात कशी, यावर दंतकथा बऱ्याच. सगळ्यात लाडकी कथा लग्नाची: देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, वऱ्हाड निघालं, पण मुहूर्त टळला आणि वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं. देवी कुमारीच राहिली. आता ही कथा ऐकून नदीकाठच्या हत्तीखान्यात जायचं. खडकात कोरलेलं मोठं लेणं आहे, अंगणात नंदीचा मंडप आणि पूर्ण आकाराचे दगडी हत्ती, सोंडा तुटलेले, पाठ झिजलेली. हेच ते वऱ्हाडातले हत्ती, असं तिथं कोणीही पोरगं सांगतं. इतिहासाच्या दृष्टीनं ते शैव लेणं आहे, पण कथा ऐकून हत्ती बघण्यात जी मजा आहे ती माहितीफलक वाचून येत नाही.

योगेश्वरीच्या देवळात तांबूल प्रसिद्ध आहे. विड्याची पानं मसाल्यासकट कुटून केलेला, देवीला दाखवून प्रसाद म्हणून मिळतो. अश्विनातलं नवरात्र असतंच, शिवाय मार्गशीर्षातही नवरात्र असतं आणि ते पौर्णिमेला संपतं. मार्गशीर्षात हवा थंड, गर्दी त्यातल्या त्यात कमी, आणि शेतात ज्वारी उभी. जरा पुढं पौष लागला की हुरडा, म्हणजे सोयच झाली.

गावातलं सकलेश्वराचं देऊळ लोक बाराखांबी म्हणून ओळखतात. तिथल्या शिलालेखावरून ते १२२८ चं, म्हणजे यादव काळातलं ठरतं. यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याच भागातला बडा माणूस, त्याच्या नावाचंही देऊळ इथं आहे.

गावाबाहेर दरीच्या काठावर मुकुंदराजांची समाधी. मराठीतले आद्यकवी म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं, ‘विवेकसिंधु’ शके १११० मध्ये म्हणजे ११८८ साली लिहिला असं परंपरा सांगते, अभ्यासकांमध्ये त्यावर वाद आहेत ते आहेतच. पावसाळ्यात ही दरी हिरवीगार होते, ढग खाली उतरतात, आणि कॉलेजची पोरं मुकुंदराजाला जातो म्हणतात ते कविता वाचायला नव्हे. जवळच बुट्टेनाथाची दरी आहे, तिथंही तीच कथा: झरा, कपारीतला देव आणि वर डबे उघडून बसलेली मंडळी. दासोपंतही इथलेच. त्यांनी सुमारे ४० फूट लांब कापडावर वेदांत लिहून ठेवला, ती पासोडी. हातात पुस्तक धरायच्या ऐवजी चालत चालत वाचावा असा ग्रंथ मराठीत दुसरा नसेल.

परळी वैजनाथ

अंबाजोगाईहून परळी साधारण २५ किलोमीटर, म्हणून दोन्ही एकाच दिवशी करण्याची पद्धत. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून महाराष्ट्रात परळी मानतात, झारखंडमधलं देवघरही तोच मान सांगतं, ज्योतिर्लिंगांची नावं सांगणाऱ्या श्लोकाचे पाठ दोन आहेत आणि भांडण मिटणारं नाही. देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात केला. प्रशस्त दगडी पायऱ्या, लाकडी सभामंडप. समुद्रमंथनातलं अमृत आणि धन्वंतरी या लिंगात दडले अशी कथा आहे, म्हणून हा वैद्यांचा नाथ. पिंडीला हात लावून दर्शन घेता येतं, पुरुषांनाही आणि बायकांनाही, आणि याचं लोकांना फार अप्रूप. वैकुंठ चतुर्दशीला हरिहर भेट असते, विष्णूला बेल आणि महादेवाला तुळस वाहतात, एरवी जे चालत नाही ते त्या दिवशी चालतं.

गावाबाहेर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी हे केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. परळी तालुक्यातच धर्मापुरीला केदारेश्वराचं चालुक्यकालीन देऊळ आहे, शिल्पकाम कंकालेश्वराच्या तोडीचं, भाविक मात्र त्याच्या शतांशानंही नाहीत. शिल्पं बघायची हौस असेल तर परळीच्या रांगेतला एक तास वाचवून इकडं या.

गंगाथडी

माजलगाव तालुक्यातलं पुरुषोत्तमपुरी एरवी सामसूम गाव. पण दर तीन वर्षांनी अधिक महिना, म्हणजे धोंड्याचा महिना आला की महिनाभर रीघ लागते, कारण हा महिना पुरुषोत्तमाचा आणि त्याच्या नावाचं देऊळ इथं गोदाकाठी. लोक नदीत स्नान करतात, अनारसे आणि पुरणाचे धोंडे देवाला देतात, जावयांची चैन असते. यादव राजा रामचंद्रदेवाचा १३१० चा ताम्रपट याच गावात सापडला. सिंदफणा गोदावरीला मिळते त्या मंजरथच्या संगमावर जुना दगडी घाट आहे.

गेवराई तालुक्यात राक्षसभुवन, शनीचं मोठं स्थान. शनी अमावस्येला गर्दी विचारू नका. इथंच १० ऑगस्ट १७६३ ला माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला, पानिपतानंतर अडीच वर्षांत. शनीला तेल घालणाऱ्या शंभरातल्या पाच जणांना हे माहीत असेल तर डोक्यावरून पाणी.

गड

बीडमध्ये नारायणगड, गहिनीनाथगड, मच्छिंद्रनाथगड असे गड ऐकू येतात, भगवानगड शेजारच्या पाथर्डी तालुक्यात पण भाविक निम्मे बीडचे. हे किल्ले नव्हेत, वारकरी नाहीतर नाथ परंपरेची डोंगरावरची ठाणी. नारायणगडाला धाकटी पंढरी म्हणतात, आषाढीला पंढरपूर न जमलेले लोक इकडं येतात. दसऱ्याच्या सुमाराला काही गडांवर राजकीय मेळावेही होतात, तेव्हा रस्ते जाम असतात एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

कधी जावं, कसं जावं

ऑगस्ट ते नोव्हेंबर. पाणी असतं, हिरवळ असते, आणि धारूर-बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं बाजारात येतात, ज्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दिवाळीनंतर ऊसतोड मजूर कुटुंबं कारखान्यांवर निघून गेली की डोंगराळ भागातली बरीच गावं अर्धी रिकामी होतात, सौताड्यासारख्या ठिकाणी चहाची टपरीही उघडी असेलच असं नाही. परळीला रेल्वे जुनी आहे, बीड शहरात मात्र गाडी पोचायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला, तीही अहिल्यानगरच्या बाजूनं. बाकी सगळीकडं एसटी, नाहीतर काळी-पिवळी जीप, जी भरल्याशिवाय सुटत नाही. कपिलधार, नायगाव, सौताडा एका दिवसात स्वतःच्या गाडीनं होतात. पाणी बरोबर न्या, आणि परतताना प्लॅस्टिकच्या बाटल्या दरीत टाकू नका, विंचरणा त्या तशाच पुढच्या गावात नेऊन देते.